पीसीओएसचा हार्मोन रिपोर्ट: आकडे कुठून येतात आणि कुठे फसवतात

(चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ग्रंथी

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक (बहुगाठी) ओव्हरी सिंड्रोम, यावरची चर्चा बहुतेक वेळा 'गाठी कशा विरघळतील' इथून सुरू होते आणि तिथेच भरकटते. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेतच. ते २ ते ९ मिलिमीटरचे फॉलिकल असतात, म्हणजे स्त्रीबीज वाढवणाऱ्या पिशव्या, निम्म्या वाटेवर अडकलेल्या. स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या अंडाशयांचं वर्णन केलं. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून नाव पडलं आणि ते चिकटलं. विरघळवण्यासारखं तिथे काही नाही. फॉलिकल अडकले का, हे शोधायचं, आणि त्यासाठी हार्मोनचं चक्र समजून घ्यावं लागतं.

मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक सलग सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतो. ठोके जलद पडले, साधारण तासाला एक, की मेंदूच्या तळाची पिट्युइटरी ग्रंथी एलएच जास्त बनवते. एलएच आणि एफएसएच ही अंडाशयाला आदेश देणारी दोन संप्रेरकं. ठोके संथ झाले की एफएसएचला वाव मिळतो. नेहमीच्या चक्रात स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि हे ठोके तीन-चार तासांवर आणून ठेवतं. पीसीओएसमध्ये स्त्रीबीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन नाही, त्यामुळे ठोक्यांना आवर नाही. वर अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी 'पुरुषी' संप्रेरकं) वाढलेलं असलं की हायपोथॅलॅमस असलेल्या प्रोजेस्टेरॉनलाही नीट जुमानत नाही.

आता अंडाशयात काय होतं ते. फॉलिकलच्या बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या हुकमावर अँड्रोस्टीनडायोन आणि टेस्टोस्टेरॉन बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या जोरावर त्याचं इस्ट्रोजेन करतात. एलएच वरचढ आणि एफएसएच तोकडं, म्हणजे अँड्रोजेन साचत जातं. त्यात भर इन्सुलिनची. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, पण अंडाशय मात्र त्याला पूर्ण दाद देत राहतो. इन्सुलिन थीका पेशींना एलएचच्या जोडीने ढोसतं आणि तिकडे यकृतात एसएचबीजी कमी करतं. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन. ते घटलं की टेस्टोस्टेरॉन तेवढंच असूनही मोकळं, म्हणजे काम करणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं. शिवाय अडकलेले छोटे फॉलिकल एएमएच हे आणखी एक संप्रेरक बनवतात, एएमएचमुळे उरलेल्या फॉलिकलवर एफएसएच नीट लागू पडत नाही आणि तेही अडकतात.

म्हणून 'माझं कोणतं हार्मोन बिघडलंय' याला एका शब्दात उत्तर नसतं. चक्र कुठूनही धरा, फिरून तिथेच येता. उपचार करताना मात्र चक्राची एकच बाजू धरावी लागते: पाळी, केस-मुरमं, साखर की गर्भधारणा. ती आधी ठरवली नाही तर औषधांची खिचडी होते.

निदानाचे निकष थोडक्यात. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि अंडाशयाचं विशिष्ट रूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच चालेल असं म्हटलं. पहिल्या दोन गोष्टी असतील तर सोनोग्राफी आणि एएमएच दोन्हींची निदानासाठी गरज नाही. हे वाक्य दोनदा वाचा, बराच खर्च वाचेल. आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक) वगैरे दुसरी कारणं आधी बाजूला काढायची असतात.

नमुनानळी

उत्तम मांडणी. रक्त देण्याआधीचं मी लिहितो, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात.

एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अँड्रोजेन तपासू नये. गोळीतलं इस्ट्रोजेन एसएचबीजी कितीतरी पटीने वाढवतं आणि एलएच दाबतं, त्यामुळे रिपोर्ट साफ नॉर्मल येतो. किमान तीन महिने गोळी बंद हवी, आणि त्या काळात गरज असेल तर दुसरं गर्भनिरोधन. फक्त रिपोर्टसाठी गोळी थांबवायची का, हा निर्णय डॉक्टरांचा.

दोन, बायोटिन हे जीवनसत्त्व. केसांच्या गोळ्यांमध्ये ते ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. ज्या यंत्रांमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात तिथे टीएसएच (थायरॉइडला आदेश देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन, टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटे जास्त येऊ शकतात. गंमत अशी की केस गळतात म्हणून बायोटिन चालू असतं आणि केस गळतात म्हणूनच टेस्टोस्टेरॉन मोजलं जातं! किमान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

तीन, वेळ. सकाळी, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. पाळी महिनोन्महिने येतच नसेल तर कुठल्याही दिवशी द्या, पण सोबत प्रोजेस्टेरॉन मोजा. प्रोजेस्टेरॉन वाढलेलं निघालं तर स्त्रीबीज नुकतंच सुटलेलं आहे आणि त्या दिवशीच्या एलएच-एफएसएचचा अर्थ वेगळा.

चार, पद्धत. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन इतकं थोडं असतं की साध्या इम्युनोअॅसेला (अँटिबॉडी वापरून मोजायच्या पद्धतीला) ते धड मोजता येत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूच्या वजनावरून ओळखून) केलेली तपासणी भरवशाची. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' म्हणून जी थेट इम्युनोअॅसे विकली जाते ती तर घेऊच नये. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी मोजून मोकळ्याचं गणित करणं त्याहून बरं.

मोजपट्टी

एलएच आणि एफएसएचचं प्रमाण २:१ किंवा ३:१ असेल तर पीसीओएस, असं सर्रास सांगतात. वर कुठेच आलं नाही. विसरलात की मुद्दाम?

ग्रंथी

मुद्दाम. ते प्रमाण कुठल्याही प्रचलित निकषात नाही. एलएच ठोक्याठोक्याने येतं हे वर लिहिलंय. एका सुईच्या टोचणीत तुम्ही ठोक्याचं टोक पकडलं की दोन ठोक्यांमधली दरी, हा नशिबाचा भाग. शिवाय वजन जास्त असलेल्यांमध्ये एलएचचे उंचवटे बुटके असतात, त्यामुळे पीसीओएस ठसठशीत असूनही प्रमाण १:१ दिसू शकतं. उलट बारीक अंगाच्या स्त्रियांमध्ये ते चढं दिसतं. एलएच-एफएसएच मोजायचं ते दुसऱ्या कामासाठी: एफएसएच खूप वर असेल तर अंडाशय लवकर थकतोय का, आणि दोन्ही तळाला असतील तर मेंदूकडूनच आदेश थांबलेत का, हे पाहायला.

आता एसएचबीजीचं गणित. एकूण टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ०.०३४७ ने गुणा, नॅनोमोल प्रति लिटर मिळेल. त्याला १०० ने गुणून एसएचबीजीने भागा. हा झाला फ्री अँड्रोजेन इंडेक्स. समजा टेस्टोस्टेरॉन ५५ आहे. नॅनोमोलमध्ये १.९१. एकीचं एसएचबीजी ७० असेल तर इंडेक्स २.७. दुसरीचं २२ असेल तर ८.७. टेस्टोस्टेरॉन एकच, रिपोर्टवर 'नॉर्मल' शेजारीच छापलेलं, पण दुसरीच्या हनुवटीवर केस येऊ शकतात.

नमुनानळी

उदाहरण छान, पण एसएचबीजी ३० च्या खाली गेलं की हा इंडेक्स फुगवून सांगतो. भाजक लहान झाला की भागाकार उगाच मोठा दिसतो. दुसऱ्या बाईचं अँड्रोजेन वाढलेलं आहे यात वाद नाही, पण ८.७ म्हणजे पहिलीच्या तिप्पट, असा हिशेब करू नका. अशा वेळी व्हर्म्यूलनच्या समीकरणाने काढलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन जास्त विश्वासाचं. त्याला अल्ब्युमिनचा आकडाही लागतो.

आणि कमी एसएचबीजी ही स्वतःच एक खूण आहे, इन्सुलिन चढलेलं असण्याची. थायरॉइड कमी असेल तरीही ते घटतं, म्हणून टीएसएच सोबत पाहा.

ग्रंथी

मान्य. उदाहरण दिशा दाखवण्यापुरतंच घ्यावं.

पेशीजाल

'दुसरी कारणं बाजूला काढा' यावर कुणी थांबत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

टीएसएच आणि प्रोलॅक्टिन सगळ्यांचं. प्रोलॅक्टिन किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. ताण, सुई टोचताना झालेली धडपड, नुकताच झालेला व्यायाम, आणि मनोविकारावरची किंवा उलटी थांबवणारी काही औषधं, यांनी ते वाढतं. शांत बसून पुन्हा तपासा.

१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी लवकर, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत. अॅड्रीनल ग्रंथीचा उशिरा कळणारा जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तो बहुधा नाही. वर असेल तर एसीटीएच (अॅड्रीनलला चेतवणारं संप्रेरक) देऊन पुन्हा मोजतात आणि तेव्हा १००० च्या पुढे गेलं की निदान पक्कं. हा नमुना पाळीच्या उत्तरार्धात घेतला तर आकडा आपोआप चढा येतो आणि नसती धावपळ होते.

वेग पाहा. पीसीओएसची लव वयात आल्यापासून हळूहळू, वर्षानुवर्षांत वाढते. तीन-चार महिन्यांत आवाज जाड झाला, कपाळाच्या बाजूंनी टक्कल पडू लागलं, क्लिटोरिस मोठी झाली तर ते पीसीओएस नव्हे असं धरूनच चला. एकूण टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅमच्या पुढे किंवा डीएचईए सल्फेट (अॅड्रीनलचं अँड्रोजेन) ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे असेल तर अंडाशय आणि अॅड्रीनलचं इमेजिंग आधी, बाकी चर्चा नंतर.

सहज निळं पडणारं अंग, पोटावर जांभळे रुंद पट्टे, जिना चढताना मांड्या न उचलणं ही लक्षणं सोबत असतील तर कुशिंगची (कॉर्टिसॉल जास्त बनण्याच्या आजाराची) चाचणी: रात्री ११ च्या सुमारास १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, सकाळी ८ ला कॉर्टिसॉल. ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबायला हवं. इस्ट्रोजेनच्या गोळीवर ही चाचणीही खोटी येते.

औषधांची यादीही विचारा. अपस्मारावरचं व्हॅल्प्रोएट अँड्रोजेन वाढवून हेच चित्र उभं करू शकतं.

अर्धविराम

बारीक अंगाच्या मुलींचं काय? पाळी बंद, सोनोग्राफीत भरपूर फॉलिकल, लगेच शिक्का पडतो 'लीन पीसीओएस'.

पेशीजाल

हा प्रश्न यायलाच हवा होता. खूप कमी खाणं, जास्त व्यायाम किंवा मोठा ताण यांमुळे हायपोथॅलॅमसच जीएनआरएचचे ठोके मंदावतो. पाळी थांबते. अंडाशयात मात्र छोटे फॉलिकल भरपूर दिसू शकतात, कारण तरुण वयात ते असतातच. चित्र तेच, कारण नेमकं उलटं.

फरक असा पाहायचा. हायपोथॅलॅमसच्या प्रकारात एलएच अगदी खाली, इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) कमी, एसएचबीजी चढं, अंगावर जास्तीचे केस नाहीत, मुरमं नाहीत. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन पुरेसं असतं, एसएचबीजी कमी किंवा मध्यम, अँड्रोजेनची काही ना काही खूण असते. प्रोजेस्टेरॉनचा कोर्स दिल्यावर पीसीओएसमध्ये सहसा रक्तस्राव होतो, कारण अस्तर तयार असतं. हायपोथॅलॅमसच्या प्रकारात बहुतेकदा होत नाही. ही चाचणी शंभर टक्के निर्णायक नाही, पण दिशा देते.

चूक झाली तर महागात पडते. आधीच उपाशी राहणाऱ्या मुलीला 'पीसीओएस आहे, कर्बोदकं तोडा, आणखी पळा' असं सांगितलं जातं आणि तिची हाडं झिजत जातात.

मोजपट्टी

इन्सुलिनकडे वळूया का? उपाशीपोटी इन्सुलिन आणि होमा-आयआर (उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून काढलेला आकडा) प्रत्येक पॅकेजमध्ये असतं. माझ्या मते ते उपयोगाचं आहे, निदान तीव्रता कळते.

नमुनानळी

असहमत. इन्सुलिनच्या तपासण्या एका लॅबच्या दुसऱ्या लॅबशी जुळत नाहीत, सर्वमान्य सीमारेषा नाही, आणि आकडा काहीही आला तरी उपचार बदलत नाही. मार्गदर्शक सूचनाही रोजच्या वापरासाठी ती तपासणी सुचवत नाहीत. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची साखर. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा पुढे मधुमेह. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर ९० असूनही दोन तासांची १६० निघू शकते. फक्त उपाशी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहिलं तर हे निसटतं. निदानाच्या वेळी एकदा, मग धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधी.

चाचणीआधी तीन दिवस नेहमीचा आहार घ्या. कर्बोदकं तोडून गेलात तर साखर खोटी चढते. त्या दोन तासांत फिरू नका.

मोजपट्टी

चला, पटलं. पण मग इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही हे, ओळखायचं कसं?

ग्रंथी

आधी डोळ्यांनी. मानेमागे, काखेत, जांघेत मखमलीसारखी काळपट, जाडसर कातडी, जी घासून जात नाही. तिथेच बारीक लोंबत्या चामखिळी. कमरेचा वाढता घेर, कमी एसएचबीजी, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेलं एचडीएल. एवढं पुरतं. वजन ताब्यात असलेल्यांमध्येही हे असू शकतं, फक्त प्रमाण कमी.

चौथा_दिवस

पाळीच्या बाजूचं मी लिहिते, कारण 'चार महिने आली नाही, बरंच झालं' हे वाक्य सगळ्यात धोकादायक आहे.

स्त्रीबीज सुटत नाही, पण इस्ट्रोजेन बनत राहतं. अंडाशयात थोडं, आणि चरबीच्या पेशींत अँड्रोजेनपासून इस्ट्रोन (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार). हे इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत जातं. त्याला थोपवून गळायला लावणारं प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर नुसतं जाड होत राहिलं तर हायपरप्लेझिया (पेशींची बेसुमार वाढ) आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. प्रत्यक्ष धोका थोडाच असला तरी पीसीओएस नसलेल्यांच्या कित्येक पट आहे. म्हणून ९० दिवसांहून जास्त काळ अस्तर न गळता राहू देऊ नये.

पर्याय तीन. पहिला, पाळी आणायच्या गोळ्या: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस, एक ते तीन महिन्यांतून एकदा. आधी गर्भधारणेची चाचणी, नेहमी. कोर्स संपल्यावर तीन ते सात दिवसांत स्राव सुरू होतो. दोन आठवडे उलटूनही नाही झाला तर पुन्हा गर्भधारणेची चाचणी करा आणि मग इस्ट्रोजेन कमी असल्याची शंका घ्या. पाच दिवसांचे अर्धवट कोर्स घेऊ नका, अस्तर पूर्ण बदलत नाही. आणि हा कोर्स गर्भनिरोधन करत नाही.

दुसरा, गर्भनिरोधक गोळी. ती एलएच दाबते, एसएचबीजी वाढवते, अस्तर राखते. एका गोळीत चक्राच्या तीन जागा. २० ते ३० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिओल (गोळीतलं इस्ट्रोजेन) पुरतं. ३५ मायक्रोग्रॅम अधिक सायप्रोटेरोन (अँड्रोजेन अडवणारं औषध) ही पहिली निवड नसावी, रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त. ऑरासह (आधी डोळ्यांपुढे चमक वगैरे येऊन) मायग्रेन, पूर्वी गुठळी झालेली, अनियंत्रित रक्तदाब, पस्तिशीनंतर धूम्रपान: यांना इस्ट्रोजेनची गोळी नको.

तिसरा, लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं गर्भाशयातलं साधन. अस्तराला उत्तम संरक्षण, पण केस-मुरमांवर काही नाही.

गोळीवर महिन्याला येतं ते 'पाळी नियमित झाली' नव्हे. गोळी थांबवल्यावरचा तो रक्तस्राव आहे. गोळी सोडली की मूळचं चक्र परत दिसतं, आणि मग 'गोळीने पीसीओएस झाला' असा समज होतो. तो आधीपासून होता, झाकलेला.

अर्धविराम

मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) आणि इनोसिटॉल (पूरक म्हणून विकलं जातं ते) यांवर कुणी लिहा.

ग्रंथी

मेटफॉर्मिन साखर, कंबर, लिपिड यांसाठी. पाळीवरही थोडा परिणाम होतो, केसांवर जवळजवळ नाही. सुरुवात ५०० मिलिग्रॅम, जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर. दर एक-दोन आठवड्यांनी ५०० ने वाढवत १५०० ते २००० पर्यंत, प्रौढांत कमाल २५००. पहिल्याच आठवड्यात १००० वर नेलं की जुलाब होतात आणि बाई औषधच टाकून देते. नव्वद टक्के तक्रारी वेगामुळे असतात, औषधामुळे नाहीत (आकडा शब्दशः घेऊ नका, म्हणण्याची रीत आहे). एक्स्टेंडेड रिलीज, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, पोटाला सोसते. ती चावू किंवा फोडू नये. वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ घटतं, ते तपासत राहा. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर देत नाहीत.

एक गोष्ट राहून जाते. पाळी चार-चार महिने येत नसली तरी मधूनच स्त्रीबीज सुटू शकतं, आणि मेटफॉर्मिनने किंवा वजन उतरल्याने ते जास्त वेळा सुटू लागतं. 'पीसीओएस आहे, गर्भ राहणारच नाही' या भरवशावर राहू नये.

पेशीजाल

इनोसिटॉलबद्दल माझं मत जरा रोखठोक आहे. मायो-इनोसिटॉल ४ ग्रॅम रोज, दोन वेळांत विभागून, बाधत नाही. पण स्त्रीबीज सुटणं, केस, वजन यांत ठोस फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. मायो आणि डी-कायरो (इनोसिटॉलचेच दोन प्रकार) यांचं ४०:१ प्रमाण हे रक्तातल्या प्रमाणावरून उचललंय. डी-कायरो जास्त झालं तर अंडाशयात उलट नुकसान होण्याची शंका आहे, म्हणून नुसत्या डी-कायरोच्या गोळ्या टाळा.

ग्रंथी

एवढं फटकारू नका. मेटफॉर्मिन सोसत नाही अशांनी, पुरावा तोकडा आहे हे माहीत असून घेतलं तर हरकत काय? साखरेची चाचणी मात्र चुकवू नये.

पेशीजाल

माहीत असून घेतलं तर हरकत नाही. 'नैसर्गिक म्हणून जास्त चांगलं' या समजुतीवर घेतलं तर आहे.

चौथा_दिवस

केसांचं राहिलं. अंगावरच्या केसांची मोजणी फेरिमन-गॅल्वे पद्धतीने: ओठावर, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा आणि खालचा भाग. नऊ जागा, प्रत्येकी ० ते ४. एकूण ४ ते ६ च्या पुढे जास्त धरतात, वंशानुसार सीमा बदलते. वॅक्स करून मोजायला बसू नका, आकडा शून्य येणारच. फक्त जाड, काळे केस मोजायचे, कोवळी लव नाही.

औषधाला सहा महिने द्यावेच लागतात. केस एकदा जाड झाला की अँड्रोजेन कमी होऊन तो लगेच लव होत नाही. वाढीच्या फेऱ्या संपाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळीने सहा महिन्यांत पुरेसा फरक नाही पडला तर स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजेन अडवणारं औषध) जोडतात, २५ पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत. सोबत पक्कं गर्भनिरोधन अत्यावश्यक, कारण पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी दुसरी औषधं चालू असतील तर पोटॅशियम तपासा. लेझर आणि औषध एकत्र चाललं तर टिकतं. नुसतं लेझर केलं आणि अँड्रोजेन तसंच राहिलं तर नवे केस येत राहतात.

मोजपट्टी

बाळ हवं असेल तर? आणि ओव्ह्यूलेशन किट (स्त्रीबीज सुटण्याचा दिवस ओळखायची घरगुती पट्टी) रोज दोन रेषा का दाखवतं?

चौथा_दिवस

किट एलएच मोजतं. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं, म्हणून दुसरी रेषा फिकी-गडद होत महिनाभर राहते. बीज सुटलं की नाही याचा पुरावा म्हणजे प्रोजेस्टेरॉन. 'एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन' हे २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. चक्र ४० दिवसांचं असेल तर तेहतिसाव्या दिवशी, म्हणजे पाळीच्या सात दिवस आधी. अंदाज येत नसेल तर दर आठवड्याला एकदा मोजत राहा. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पुढे गेलं की बीज सुटलं.

औषधांत पहिलं लेट्रोझोल: पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी रोज २.५ मिलिग्रॅम, बीज न सुटल्यास पुढच्या चक्रांत ५ आणि ७.५. ते तात्पुरतं इस्ट्रोजेन पाडतं, मेंदू एफएसएच वाढवतो, फॉलिकल पुढे सरकतो. २०१४ मध्ये ७५० स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत जिवंत बाळाचं प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के, क्लोमिफीनने १९.१ टक्के आलं. त्याआधी क्लोमिफीनच पहिलं असे. सोनोग्राफीवर लक्ष ठेवून घ्या, जुळ्यांची शक्यता वाढते. आणि जोडीदाराची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा. सहा महिने लेट्रोझोल घेतल्यावर दोष भलतीकडे सापडणं यासारखा वायफळ वेळ नाही.

अर्धविराम

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना हेच निकष?

पेशीजाल

नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष अनियमितता नॉर्मल. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांहून कमी किंवा ४५ हून जास्त अंतर असेल तर अनियमित. तीन वर्षांनंतर ३५ हून जास्त किंवा वर्षातून आठपेक्षा कमी पाळ्या. मुलींमध्ये अनियमित पाळी आणि अँड्रोजेनची खूण दोन्ही हव्यात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरूच नये, कारण त्या वयात बहुफॉलिकल अंडाशय सर्रास दिसतात. एकच गोष्ट असेल तर 'धोका आहे' असं नोंदवून लक्षणांवर उपचार करायचे आणि नंतर पुन्हा पाहायचं.

मोजपट्टी

वजन उतरवायची नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

ग्रंथी

टिर्झेपॅटाइडमुळे जठर उशिरा रिकामं होतं आणि पोटातून घेतलेली गर्भनिरोधक गोळी कमी शोषली जाऊ शकते. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा, किंवा तोंडावाटे न घ्यायचा पर्याय निवडा. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने बंद करायचं असतं. वजन उतरतंय, पाळी परत येतेय आणि गोळी पुरती लागत नाहीये, हे तिन्ही एकाच महिन्यात जमून येतं, म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधीच गर्भनिरोधनाचं ठरवून ठेवा.

नमुनानळी

आणि त्यांच्यासाठी पुरवणी: वजन झपाट्याने उतरत असताना एसएचबीजी वाढतं. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही तरी मोकळं घटलेलं असतं. पुन्हा तपासताना दोन्ही मोजा, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने.